पाकटाचं दूध

पाकटाला दूध असतं, असं वीस वर्षांपूर्वी खारेबंदरात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला सावलीत बसवून डोक्यावर पाणी मारलं असतं. मासा तो मासा, त्याला कुठलं आलंय दूध! आता मात्र गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाहुण्यांना हे ठसक्यात ऐकवतं आणि वर विचारतं, "तुमच्या गावात काय असता?"

केतकी तारीला या ठसक्याची पूर्वी मौज वाटायची. ती याच गावची, मासेमारांच्या गाबितवाड्यातली. समुद्रातल्या जीवांचं शास्त्र शिकून आली आणि गावातल्याच पाकट केंद्राची प्रमुख झाली. प्रमुख म्हणजे काय, तर केंद्रात ती, एक रखवालदार आणि माशांच्या वासाला सोकावलेलं एक मांजर, आणि तिघांत रुबाब मांजराचा. तरी गाव तिला मान द्यायचं, कारण तिच्या हातून जाणाऱ्या दुधावर कोल्हापूर-पुण्याची पोरं जगत होती. ती पोरं मोठी झाली की आईबाप त्यांना घेऊन खारेबंदरात यायचे, समुद्राला नारळ द्यायचे. गाव त्यांना 'आमची पोरां' म्हणायचं आणि त्यांच्यासाठी सोलकढी करायचं.

मे महिना सरत आला होता. त्या सकाळी रापण ओढणं चाललं होतं. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं, आणि ओढायला अख्खा वाडा लागायचा. केतकीही दोराला होती. जाळं उथळ पाण्यात आलं, तसा तळाच्या वाळूचा एक तुकडा हलल्यासारखा वाटला.

"पाकट! पाय संबाळा रे!" बाबलकाका ओरडले. बाबल तांडेल म्हणजे रापणीचे म्होरके. सत्तरी उलटली तरी आवाज असा, की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसायची.

सगळे पाय न उचलता वाळूतून घासत मागे सरले. पाकट कुणाच्या अंगावर धावून जात नाही. तो बिचारा वाळू अंगावर ओढून, फक्त डोळे आणि डोळ्यांमागची श्वासाची भोकं उघडी ठेवून पडलेला असतो. त्याच्यावर पाय पडला, तरच शेपटीचा करवती काटा बसतो आणि मग माणूस रात्रभर कढत पाण्यात पाय बुडवून आईची आठवण काढतो.

मादी होती. मोठ्या सुपाएवढी रुंद आणि गाभण. जाळ्यात घुसमटल्याबरोबर तिनं पोटातली पिल्लं टाकली. एकामागून एक तीन, विड्यासारखी गुंडाळलेली. पाण्यात पडल्यावर ती उलगडली. तळहाताएवढी पाकटं, तंतोतंत आईसारखी, फक्त पोटाला पिवळ्या बलकाची एक गाठ अजून लटकत होती.

बाबलकाकांनी डोक्याचं फडकं ओलं करून तिन्ही पिल्लं त्यात घेतली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन गाऱ्हाणं सुरू केलं. "बा समुद्रा म्हाराजा! तुज्या लेकीन आज आमच्या जाळ्यात लेकरां टाकली, ती आमी खावक नाय, इकूक नाय..."

"व्हय म्हाराजा!" किनाऱ्यावरून सगळे म्हणाले.

"तुजा तुका परत देतंव..."

"काका, थांबा," केतकी पाण्यात शिरत म्हणाली. "आज सोडू नकात. माका द्या."

गाऱ्हाणं मध्येच तुटलेलं खारेबंदरानं कधी ऐकलं नव्हतं.

"तुका कित्याक?" बाबलकाका म्हणाले. "आईशीचा दूध तू न्हेतंस. पोरां समुद्राची. तसाच ठरला हा मां?"

"ती जगणत नाय, काका."

"कोण सांगता?"

"दोन वर्सां मी तेंका यंत्र लावतंय. बारीकसा, तांदळाच्या दाण्याएवढा. पिल्लू खंय फिरता ता माका कळता. दोन दिसांच्या फुडे एक पन फिराक नाय. कच्ची असतत ती. तेंच्या पोटाक बलक बघा, अजून सुकूक नाय."

म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. आजोबांनी सोडली, बापानं सोडली, त्यांनी स्वतः किती सोडली असतील देव जाणे. प्रत्येक वेळी हात जोडून, मन हलकं करून ते घरी जेवायला गेले होते. केंद्राला परवानगी मिळाली तीसुद्धा या रिवाजाच्या जोरावर. मादीच्या पोटातले दूध पाझरणारे तंतू घ्या, पण पिल्लं गाव सोडतं, म्हणजे पाकटांना तोटा नाही, असा शहाण्या माणसांनी हिशेब मांडला होता. त्या शहाण्यांत केतकीही होती, आणि हे तिला आता रोज खात होतं.

बाबलकाकांनी फडकं तिच्या हातात दिलं. "घे. पन समुद्राचा समुद्राक दिलंस नाय तर तो आपला घेता, येवढा ध्यानात ठेव." मग रिकामे हात पाण्यात धुऊन ते सरळ घराकडे निघाले. त्या दिवशी मासळीचे वाटे घालायलाही ते थांबले नाहीत.

*

पाकट अंडी घालत नाही. पिल्लू आईच्या पोटात वाढतं, पण आपल्यासारखी नाळ त्याला नसते. सुरुवातीला ते बलकावर जगतं. बलक सरत आला की आईच्या गर्भाशयाच्या अस्तराला हजारो तांबूस तंतू फुटतात आणि त्यांच्या टोकांतून दूध पाझरू लागतं. दाट, पिवळसर, सायीहून स्निग्ध. पिल्लू त्या दुधात बुडालेलं असतं. तोंडानं पितं, श्वासाच्या भोकांतून ओढतं. वर्षाकाठी एक-दोन, फार तर चार पिल्लं. बांगड्यासारखी लाखांची अंडी सांडायची त्याची जात नाही.

माणसांच्या डॉक्टरांना या दुधाशी कर्तव्य पडलं ते कूसपेटीमुळे. सहाव्या महिन्यालाच जन्मलेलं मूल कोमट पाण्याच्या पिशवीत ठेवून वाढवायचं यंत्र तयार झालं. रक्त शुद्ध करणं जमलं, श्वासाचं काम जमलं. घोडं अडलं पोटाशी. इतक्या कोवळ्या आतड्याला आईचं दूधसुद्धा झेपत नाही. थेंब पडला की आतडं सडू लागतं. आणि नुसत्या सलाइनवर मूल तगतं, पण वाढत नाही. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की पाकटाच्या पिल्लालाही धड आतडं नसतानाच आईचं दूध पचतं. त्या दुधातलं एक प्रथिन स्निग्धाला गुंडाळून थेट पेशींपर्यंत नेतं. पचवायचं कामच उरत नाही. प्रयोग झाले आणि पोरं जगायला लागली.

ते दूध कारखान्यात मात्र कुणाला जमलं नाही. काढून ठेवलं तर हवेला लागून घटकेत फाटतं. म्हणून तंतूच जिवंत ठेवावे लागतात. गाभण मादीला छोटा छेद देऊन तंतू काढायचे, काचेच्या ताटलीत रुजवायचे आणि ती ताटली कूसपेटीच्या कुशीला जोडायची. सात-आठ आठवडे पाझरते, मग सुकते. मादीला परत सोडतात. ती जगते, पण पुन्हा गाभण राहिलेली केतकीनं एकही पाहिली नव्हती.

आणि पाकटं संपत आली होती. या मोसमात जाळ्यात लहान पाकट असं आलंच नाही, सगळ्या जून माद्या. वरच्या कचेरीला केतकीनं कळवलं, तर उत्तर आलं की मोसम संपल्यावर आढावा घेऊ. आढावा घ्यायला काय उरणार, ते कुणी विचारलं नाही.

म्हणून तिनं आपल्या डोक्यानं एक उद्योग केला. त्या मादीच्या तीन ताटल्या झाल्या होत्या. दोन तिनं केंद्रात ठेवल्या. तिसरी रुजली नाही असं वर कळवून टाकलं, आणि ती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातल्या खोलीत नेली. तिथं एका उथळ टाकीत खारं पाणी, हवेचा पंप आणि ती तीन पिल्लं होती. ताटलीची बारीक नळी तिनं पाण्यात सोडली. ज्या आईच्या पोटातून ती पडली होती, तिचंच दूध.

पहिल्या दिवशी पिल्लं तळाशी निपचित होती. दुसऱ्या दिवशी एकानं नळीशी तोंड नेलं. आठवड्यात तिन्ही नळीभोवती घिरट्या घालू लागली, पंखांच्या कडा साडीच्या निऱ्यांसारख्या हलवत. केतकी टाकीच्या कडेला बसून एकटीच हसली. महिना-सव्वा महिना निघाला, पोटावरची गाठ सुकली आणि ती कोळंबी खायला लागली, की झालं! टाकलेलं पिल्लू जगवता येतं हे दाखवता आलं, की पुढे प्रत्येक मादीची पिल्लं जगवता येतील. पाकटं राहतील, दूध राहील, पुढची पोरंही राहतील. त्यासाठी ही तीन जगायला हवी होती. दुसरी गाभण मादी जाळ्यात आली नाही, आणि एक जूनला पावसाळ्यापुरती मासेमारी बंद झाली.

*

जूनच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या धाकट्या भावाचा, सर्वेशचा फोन आला. फोनमध्ये रडणं जास्त आणि शब्द कमी होते.

त्याच्या बायकोला, नेत्राला सहावा महिना नुकताच लागला होता. सकाळी ती अंगणात आंबोशी वाळत घालत होती. दुपारी कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी कोल्हापुरात मूल झालं. मुलगा. वजन सांगताना सर्वेशचा आवाज फुटला. "ताय, बांगड्याएवढो आसा गो. बांगड्याएवढो."

"पेटीत ठेवलो मां?"

"ठेवलो. डॉक्टरीण म्हणता ताटली होयी. तुज्याकडे आसा मां?"

"आसा," केतकी म्हणाली. "दोन आसत. आत्ताच पाठवतंय. तू रडा नको."

केंद्राच्या दोन्ही ताटल्या तिनं त्याच वेळी गाडीत चढवल्या. इतकी वर्षं ती ताटल्या पाठवत होती, पलीकडे कुणाचं तरी मूल आहे एवढंच तिला माहीत असायचं. आता त्या मुलाचं कपाळ कुणासारखं असेल असा विचार मनात येत होता.

गावात कुजबुज व्हायची ती झालीच. समुद्राचं समुद्राला दिलं नाही, म्हणून समुद्रानं तारींच्या घरचं मागितलं. बाबलकाका स्वतः काही बोलले नाहीत, उलट घरी येऊन केतकीच्या आईपाशी बसून गेले. पण जाताना त्यांनी केतकीकडे पाहिलं नाही. असल्या गोष्टींवर केतकीचा काडीचा विश्वास नव्हता. तरी त्या न पाहण्यानं तिला लागायचं ते लागलंच.

मूल मात्र तगलं. डॉक्टर निंबाळकर रोज फोनवर सांगायच्या. आज इतकं घेतलं, आज पोट मऊ आहे, आज बोट तोंडात घातलं. नेत्राला दोन आठवड्यांनी घरी पाठवलं. पिशवीतल्या पोराला आईचा हात लागायला अजून दोन महिने होते, आणि तिला विश्रांतीची गरज होती. सर्वेश तिथं राहिला. नेत्रा आली ती सुजलेल्या डोळ्यांनी आणि भरलेल्या छातीनं. मुलाला आईचं दूध अजून चालणार नव्हतं. दवाखान्यानं साठवायचं तेवढं साठवलं होतं. घरी ती दूध आटू नये म्हणून दिवसातून पाच वेळा यंत्रानं काढायची आणि कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून माडाच्या मुळात ओतायची. पहिल्या दिवशी तिनं केतकीला ओतायला सांगितलं, कारण तिला स्वतःला ते करवेना.

आणखी काही दिवसांनी डॉक्टर निंबाळकरांचा फोन आला, तो नेहमीच्या वेळेला नव्हता.

"केतकीताई, एका ताटलीला बुरशी लागली. काढून टाकावी लागली."

"दुसरी?"

"दुसरी लवकर सुकतेय. फार तर तीन-चार दिवस. बाळाला अजून तीन आठवडे हवेत, मग आपण आईचं दूध सुरू करू शकू. आता बंद केलं तर... मी गुजरातला विचारलं, तमिळनाडूला विचारलं. सगळीकडे तीच रड. तुमच्याकडे काही आहे का?"

केतकी बर्फाच्या खोलीत उभी राहून बोलत होती. समोर पाण्यात तीन पाकटं फिरत होती. सर्वांत मोठ्याच्या पोटावरची गाठ आता मिरीएवढी उरली होती. अजून आठ-दहा दिवस, की झालं.

"बघते," ती म्हणाली.

'बघते' हा शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. यात बघायचं काय होतं? ताटली हाताच्या अंतरावर होती. दोन तुकडे करून दोघांना देता येत नव्हते, कारण कापलेली ताटली मरते. घरचं पोर की माशाची पिल्लं, असा प्रश्न कुणालाही रस्त्यात थांबवून विचारला असता तरी उत्तर एकच आलं असतं. पण तिला पुढची पोरं दिसत होती, अजून न जन्मलेली. पुढल्या वर्षी कुणा दुसऱ्या सर्वेशचा फोन येईल, आणि तेव्हा खाडीत एकही पाकट नसेल. त्या पोरांना चेहरे नव्हते. तिच्या भाच्याला होता. सर्वेशनं फोटो पाठवला होता, आणि कपाळ थेट त्यांच्या वडिलांचं होतं.

दुसऱ्या दिवशीही डॉक्टरांना ती "बघते" म्हणाली.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फाच्या खोलीचं दार वाजलं. दारात नेत्रा होती. बाळंतिणीचा कानाला बांधलेला रुमाल तसाच, हातात दुधाची बाटली.

"तू हंयसर कित्या इलंस? वारो लागात," केतकी म्हणाली.

"आई म्हणाली, हंय पाकटाची पोरां आसत. तेंच्याच आईशीचा दूध आमचो बाळ पिता ना?"

"हो."

"म्हणान इलंय." नेत्रा आत आली. बाटली तिनं दोन्ही हातांनी धरली होती. "आमच्या माहेराक दूध उसना ठेवणत नाय, केतकीताय. एका बाईन दुसरीच्या पोराक पाजल्यान, तर दुसरीन तिच्या पोराक एकदा तरी पाजूक होया. बारशाच्या आदी. नायतर पोराक नाव घालणत नाय. माज्या आजयेक शेजारगावच्या बाईन पाजलेली, तर माजी पणजी चार कोस चलत गेलेली ती फेडूक." ती जरा लाजल्यासारखी हसली. "माजा तरी फुकटच जाता. ह्यांका घालूया."

बाटली हातात घेऊन गप्प बसावं, नंतर ओतून टाकावं, असं केतकीच्या मनात आलं. पण तिला तसं करवलं नाही.

"नेत्रा, ता तेंका चलाचा नाय. माणसाचा दूध पाण्यात पडला तर पाणी कुसता. ती मरतली."

"वायच, थेंबभर?"

"थेंबभर पन नको."

नेत्रानं बाटली खाली ठेवली. तिचा चेहरा पडला. मग तिची नजर टाकीवरच्या काचेच्या ताटलीकडे गेली, तांबूस धाग्यांकडे, पाण्यात सोडलेल्या नळीकडे. कोल्हापुरात पेटीच्या काचेला नाक लावून तिनं ती दोन आठवडे रोज पाहिली होती.

"ही ताटली," ती म्हणाली. "ही तशीच आसा. आमच्या बाळाची आसा तशी."

केतकीनं नजर टाकीतल्या पाण्याकडे वळवली.

"काल सर्वेशचो फोन इललो. डॉक्टरीण तुका इचारता आणि तू 'बघतंय' म्हणतंस. बाळाची सुकत इली, आणि तू बघतंय म्हणतंस." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हीच बघत होतंस?"

"ऐक माजा..."

"सांग. हीच मां?"

"हीच."

मग केतकीनं सगळं सांगितलं. पिल्लं का मरतात, खाडी कशी रिकामी झाली, ही तीन जगली तर काय होईल आणि मेली तर काय. ती शिकवल्यासारखं नीट, क्रमानं बोलत होती आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "माका दोगांकय जगवचा होता, नेत्रा. आठ दिस. फकत आठ दिस होये होते."

नेत्रा टाकीच्या कडेला बसली. मग तिनं हात पाण्यात घातला.

पाकटाच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत लिबलिबीत रस भरलेला. जिवंत शरीरातून सतत जी अगदी क्षीण वीज पाझरत असते, ती त्याला या छिद्रांतून कळते. वाळूखाली दडलेला खेकडा त्याला दिसत नाही, जाणवतो. आईच्या पोटात असताना पिल्लाला चहूबाजूंनी तीच जाणवत असणार. काचेच्या टाकीत आल्यापासून त्यांना नळीशिवाय कुणी नव्हतं. नेत्राचा हात आत गेला आणि तिन्ही पिल्लं वळली. आधी लहानगं आलं आणि तिच्या तळव्यावर पसरलं. मग बाकीची दोन मनगटाला चिकटली. तळव्यावरचं पिल्लू तोंड हलवत, चाचपत, तिच्या बोटांच्या बेचक्यात काहीतरी शोधू लागलं.

"गे बाय," नेत्रा म्हणाली, आणि तिला पान्हा फुटला.

पोलकं दोन्हीकडून भिजलं, पदर भिजला. तिनं दुसऱ्या हातानं छाती दाबून धरली, पण ते काही थांबेना. बाळ झाल्यापासून तिचं दूध असं आपणहून कधी आलं नव्हतं. यंत्र लावून, डोळे मिटून, पोराचा फोटो समोर धरून काढावं लागायचं. आता ते वाहत होतं, आणि द्यायला कुणी नव्हतं. ती ओठ चावून रडत होती. केतकी तिच्याशेजारी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याहून जास्त काही करण्यासारखं नव्हतं.

रडणं ओसरल्यावर नेत्रानं मान वर केली.

"माज्या झिलाचो एक थेंब कमी करू नको, ताय," ती म्हणाली. "ताटली काढ. आत्ताच्या आत्ता गाडी लाव."

"ही मरतली."

"माका कळला. काढ."

केतकी उठली. ताटली सोडवताना तिचे हात सवयीनं चालले, एकदाही चुकले नाहीत, याचाच तिला राग आला. नळी पाण्यातून निघाली तेव्हा पिल्लांना पत्ताही लागला नाही. ती तिघं नेत्राच्या हाताशी होती.

ताटली गाडीनं रवाना करून, डॉक्टरांना फोन करून ती परत आली तेव्हा तासभर तरी झाला असेल. नेत्रा घरी गेली असेल असं तिला वाटलं होतं. ती तिथंच होती, ओल्या पदरानं, हात पाण्यात.

"उठ आता. घराक चल. तू बाळंतीण आसस."

"ही किती येळ काडतली?"

"समुद्रात सोडली तर दिसभरात कोणतरी खायत. हंय..." केतकीनं ताटलीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "दोन दिस. कदाचित तीन. उपाशी जीव लवकर जाणा नाय."

"तीन दिस," नेत्रा म्हणाली. तिनं भिंतीला पाठ टेकवली, नीट मांडी घातली. "दूध देवक नाय गावला. पन आईस म्हणान कोणतरी बाजूक होया ना, मरताना."

"तीन दिस तू हंय बसतलंस?"

नेत्रानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि तोही हात पाण्यात घातला.